हजार डॉलरची तरतूद

१९५६ साली लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला डेअरी व्हॅली नावाचं एक शहर कागदोपत्री स्थापन झालं. माणसं काही हजार, गाई त्यांच्या कितीतरी पट. ते स्थापन करणारे बहुतेक डच आणि पोर्तुगीज वंशाचे गवळी होते. शहर होऊ नये म्हणून त्यांनी शहर स्थापन केलं होतं. कॅलिफोर्नियात जी वस्ती कोणत्याच नगरपालिकेत मोडत नाही, तिला शेजारचं शहर आपल्या हद्दीत ओढू शकतं. पण तिनेच नगरपालिका स्थापन केली की तो मार्ग बंद. तेव्हा गोठ्याच्या कुंपणालाच शहराची वेस ठरवून गवळी मोकळे झाले. आसपास डेअरीलँड आणि डेअरी सिटी अशी आणखी दोन गावं त्याच सुमारास याच कारणासाठी उभी राहिली.

वेस राखली, पण कर राखता आला नाही. कुंपणापलीकडे बंगल्यांचे प्लॉट पडत होते आणि त्या भावाने गोठ्याखालच्या जमिनीची किंमत लावली जात होती. दुधाच्या पैशात तो कर भरणं परवडेना. डेअरीलँडचं १९६५ मध्ये ला पाल्मा झालं, डेअरी व्हॅलीचं १९६७ मध्ये सेरिटोस. डेअरी सिटीने तर आधीच सायप्रस हे नाव घेतलं होतं. गवळ्यांनी जमिनी चांगल्या दराने विकल्या आणि गाई घेऊन चिनोकडे सरकले. त्यांच्याबद्दल फार हळहळण्याचं कारण नाही, त्यांना पैसे उत्तम मिळाले. पण एक गोष्ट सिद्ध झाली होती: शेतकऱ्याला जमीन विकायची नसली, तरी मालमत्ता कर त्याला विकायला लावू शकतो.

कॅलिफोर्नियाची लोकसंख्या १९४० मध्ये ६९ लाख होती, १९६० मध्ये ती दीड कोटीच्या पुढे गेली. हे सगळे लोक राहायला गेले ते सपाट, पाण्याच्या, रस्त्यालगतच्या जमिनीवर, म्हणजे नेमक्या उत्तम शेतजमिनीवर. लॉस एंजेलिस काउंटी १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शेती उत्पन्नात साऱ्या अमेरिकेत आघाडीवर होती, हे आज सांगितलं तर खरं वाटत नाही. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फरक एवढाच की तिथे कारभार कलेक्टरच्या नव्हे, निवडून आलेल्या पाच सुपरवायझरांच्या हाती असतो.)

सांता क्लारा खोऱ्याची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची, कारण आज तिथे हजारो मराठी घरं आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ चं अधिवेशन तिथल्याच सॅन होजेत भरलं. आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो, तिथे तेव्हा जर्दाळूच्या आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. १९५० मध्ये डच हॅमन नावाचा गृहस्थ सॅन होजेचा सिटी मॅनेजर झाला आणि १९६९ पर्यंत त्या खुर्चीत राहिला. सॅन होजेचं लॉस एंजेलिस करायचं, हे त्याचं उघड स्वप्न. रस्त्याच्या कडेने चिंचोळी पट्टी हद्दीत घ्यायची, मग तिला टेकलेल्या बागा घ्यायच्या, असा त्याचा खाक्या. हद्दवाढीची कागदपत्रं घेऊन फिरणाऱ्या त्याच्या माणसांना लोक ‘डचची पँझर तुकडी’ म्हणत. १७ चौरस मैलांचं शहर वीस वर्षांत १४९ चौरस मैलांचं झालं आणि ९५ हजारांची वस्ती साडेचार लाखांच्या घरात गेली.

इथले बागायतदार गप्प बसले नव्हते. त्यांनी काउंटीकडून आपल्या जमिनींवर ‘फक्त शेती’ असं आरक्षण मागून घेतलं आणि १९५५ मध्ये अशी जमीन मालकाच्या संमतीशिवाय शहराने घेऊ नये, असा राज्याचा कायदाही करवून घेतला. पण संमतीला भाव असतो. शेजाऱ्याची बाग पन्नासपट दराने गेली, बुलडोझरची धूळ आपल्या झाडांवर बसू लागली, नव्या कॉलनीतले लोक फवारणीविरुद्ध तक्रारी करू लागले की संमती मिळतेच. शिवाय आरक्षण देणारे तेच आरक्षण उठवणारे. आपल्याकडे ‘एनए’ करून आणण्याचं जे शास्त्र आहे, त्याची कॅलिफोर्नियातली आवृत्ती फारशी वेगळी नव्हती.

शेतजमिनीवर शेतीच्या हिशेबानेच कर लावावा, ही कल्पना नवी नव्हती. मेरीलँड राज्याने १९५६ मध्येच तसा कायदा केला होता. कॅलिफोर्नियात अडचण घटनेची होती. राज्यघटना म्हणत होती की प्रत्येक मालमत्तेवर तिच्या मूल्याच्या प्रमाणातच कर लागला पाहिजे; कुणाला सूट द्यायची तर आधी घटना बदला. शिवाय नुसती सूट देण्याला विरोधही होता, आणि तो रास्त होता. बिल्डरने रान विकत घ्यावं, त्यात चार मेंढ्या सोडाव्यात, दहा वर्षं शेतकरी म्हणून कमी कर भरावा आणि भाव चढला की प्लॉट पाडावेत, हे मेरीलँडच्या पद्धतीत सहज शक्य होतं.

यातून वाट काढली जॉन विल्यमसन यांनी. ते बेकर्सफील्डचे आमदार. म्हणजे कर्न काउंटीचे, कापूस, द्राक्षं आणि तेलविहिरींच्या मुलखातले. त्यांचा कायदा १९६५ मध्ये मंजूर झाला आणि गव्हर्नर पॅट ब्राऊन यांनी त्यावर सही केली. (तिकडचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नसतो, तो सत्तेत मुख्यमंत्र्याच्या जागी असतो.) अधिकृत नाव लांबलचक, लोकांच्या तोंडी ‘विल्यमसन ॲक्ट’. कल्पना साधी होती: सूट फुकट नाही, कराराने. मालकाने काउंटीशी किमान १० वर्षांचा करार करायचा की या जमिनीवर मी शेतीच करीन किंवा ती मोकळी ठेवीन. बदल्यात काउंटीने बाजारभाव विसरायचा आणि जमीन शेती म्हणून जे उत्पन्न देईल, तेवढ्यावरच कर लावायचा.

या करारातली खरी हुशारी मुदतीत होती. दरवर्षी ठरलेल्या तारखेला तो आपोआप एक वर्षाने लांबतो. म्हणजे करार कधीही पाहा, पुढे साधारण दहा वर्षं शिल्लकच. बाहेर पडायचं असेल तर ‘नूतनीकरण नको’ अशी नोटीस द्यायची. मग नऊ वर्षं कर पायरीपायरीने चढत जातो आणि त्यानंतर मालक सुटतो. घाई असेल तर करार रद्द करून मागता येतो, पण मग जमिनीच्या बाजारभावाच्या साडेबारा टक्के दंड, आणि हे रद्द करणं लोकहिताचं आहे किंवा कायद्याच्या हेतूला धरून आहे, असा निष्कर्ष सुपरवायझरांनी नोंदवायला हवा.

आकारणीचं गणित असं. समजा, एका एकरातून खर्च वजा जाता वर्षाला १०० डॉलर सुटतात आणि व्याज, जोखीम, कर धरून दर ८ टक्के ठरला. तर जमिनीची करापुरती किंमत १,२५० डॉलर. बिल्डर तिला दहा हजार द्यायला तयार असला, तरी करनिर्धारकाने तिकडे पाहायचं नाही.

पहिल्या वर्षी कायद्याला फारसं कुणी विचारलं नाही. करनिर्धारक निवडून येणारा असतो आणि ग्रामीण काउंटीत मतदार शेतकरी असतो. तेव्हा तो तसाही शेतजमिनीची किंमत हात राखूनच लावत असे. तोंडी सवलत मिळत असताना दहा वर्षांची बेडी कोण अडकवून घेणार? पण १९६५ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोचा करनिर्धारक रसेल वोल्डन लाचखोरीत अडकला. कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांची आकारणी कमी करून देण्याचा त्याचा धंदा उघडकीला आला आणि पुढच्या वर्षी तो दोषी ठरला. विधिमंडळाने चिडून नियम केला की राज्यभर प्रत्येक मालमत्तेची आकारणी बाजारभावाच्या २५ टक्क्यांवर, एकसारखी. शहरातल्या लाचखोरीवरच्या या औषधाने खेड्यातली तोंडी सवलत मेली. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६६ मध्ये, मतदारांनी घटनादुरुस्तीही मंजूर केली आणि कराराधारित आकारणीला घटनेचा आधार मिळाला. आता शेतकऱ्यांची करारासाठी रांग लागली. पंधराएक वर्षांत सुमारे १ कोटी ६० लाख एकर जमीन करारात आली. आपला मराठवाडा आठही जिल्ह्यांसह जेवढा आहे, तेवढी ही जमीन.

रांगेत अल्पभूधारक किती आणि कंपन्या किती, हा प्रश्न लवकरच विचारला गेला. ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांच्या अभ्यासगटाने १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जमीनदारीवर अहवाल काढला आणि या कायद्याला धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं, सर्वांत मोठा फायदा सर्वांत मोठ्या जमीनमालकांना झाला आणि तोही शहरापासून इतक्या दूरच्या जमिनीवर, जिथे उद्या बंगला होण्याचा धोकाच नव्हता. शहराच्या वेशीवरचा बागायतदार, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, तो करार करत नव्हता. त्याला दोन वर्षांत विकायचं होतं. टीका कडवट होती, पण मुद्दा मला पटतो. विल्यमसन कायद्याने सांता क्लाराच्या बागा वाचवल्या नाहीत. त्याने वाचवलं ते पुढचं वर्तुळ: जिथे शहर वीस वर्षांनी पोहोचणार होतं, तिथल्या शेतकऱ्याला त्याने मधली वीस वर्षं शेती परवडू दिली. त्याचबरोबर ज्यांना मदतीची गरज नव्हती, अशांनाही त्याने भरपूर दिलं.

आता प्रश्न आला काउंटीचा. कर कमी भरणार शेतकरी, शेतजमीन टिकल्याचं समाधान साऱ्या राज्याला, आणि तिजोरीला भोक पडणार काउंटीच्या! शेरीफ, दवाखाना, रस्ते, वाचनालय हे सगळं तिथे मालमत्ता करावर चालतं. ज्या काउंटीत शेती जास्त तिथे करार जास्त, आणि तिथेच दुसरं उत्पन्न कमी. १९७१ मध्ये, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना, यावर उपाय म्हणून मोकळ्या जमिनींसाठीचा भरपाई कायदा झाला. करारातल्या प्रत्येक एकरामागे राज्याने काउंटीला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची. हे दर पुढे बदलत गेले. अखेरच्या काळात उत्तम जमिनीला एकरी ५ डॉलर, चराऊ किंवा हलक्या जमिनीला १ डॉलर, आणि शहरालगतच्या विशेष संरक्षित जमिनीला ८ डॉलर असे होते. ५८ पैकी पन्नासहून अधिक काउंट्या योजनेत होत्या आणि राज्याचा खर्च वर्षाला साडेतीन ते चार कोटी डॉलर. २००८ च्या सुमाराला राज्याचं अंदाजपत्रक शंभर अब्जांच्या घरात होतं. म्हणजे शंभर डॉलरमागे चार सेंटांच्या आसपास.

कराराची कागदपत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. शेतकरी दहा वर्षं बांधलेला. काउंटीही दहा वर्षं बांधलेली. तिला मधेच ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणून पूर्ण कर लावता येत नाही. राज्य मात्र करारात पक्षकारच नाही. त्याची भरपाई दर वर्षीच्या अंदाजपत्रकातून येणार, आणि अंदाजपत्रकाची मुदत एक वर्ष. ज्याने हा व्यवहार सुचवला, ज्याची तिजोरी सर्वांत मोठी, त्याचा शब्द सर्वांत आखूड. तीस-पस्तीस वर्षं पैसे वेळेवर येत गेले, म्हणून कुणी याचा विचार केला नाही.

मधल्या काळात कायद्याने बरेच धक्के खाल्ले. १९७८ मध्ये करविरोधी चळवळीचे हॉवर्ड जार्विस यांचा प्रसिद्ध तेरावा प्रस्ताव मतदारांनी उचलून धरला. मालमत्ता कर एक टक्क्यावर आला आणि मालक बदलेपर्यंत आकारणीतली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरून असलेल्या शेतकऱ्याला आता कराराविनाही बरीच सूट होती. नव्याने जमीन घेणाऱ्याला मात्र कराराची गरज राहिली.

१९८१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हेवर्ड शहराचं प्रकरण आलं. तिथल्या एका मोठ्या रानाचा करारातला तुकडा घरबांधणीसाठी मोकळा करायला शहराने परवानगी दिली होती आणि सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली होती. न्यायालयाने ठणकावलं की रद्द करणं हा अपवादच असला पाहिजे. बाहेर पडायची साधी वाट नोटिशीची आहे. ती सोडून आडवाट हवी असेल तर तसंच भारी कारण दाखवा. यावर विधिमंडळाने काय करावं? त्याच वर्षी कायदा करून १९८२ च्या पहिल्या काही महिन्यांपुरती एक खिडकी उघडली, जिच्यातून करार सोप्या अटींवर रद्द करून घेता येत होते. कोर्टाने दार लावलं आणि विधिमंडळाने खिडकी उघडली, हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटेल. १९९८ मध्ये उलट दिशेने पाऊल पडलं: २० वर्षांचे करार आले, कर आणखी ३५ टक्क्यांनी कमी, आणि अशा जमिनीला शहराच्या हद्दवाढीपासून भक्कम संरक्षण. ‘सुपर विल्यमसन’ म्हणून लोक त्यांना ओळखतात.

मग २००९ चा उन्हाळा उजाडला. घरबाजार कोसळलेला, राज्याच्या तिजोरीत खडखडाट. जुलैत कॅलिफोर्नियाने देणेकऱ्यांना चेकऐवजी चक्क वचनचिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यापुढे सुधारित अंदाजपत्रक आलं. तिथल्या गव्हर्नरला प्रत्येक ओळीवर स्वतंत्र नकाराधिकार असतो. विधिमंडळाने आधीच कापून ठेवलेली भरपाईची कोट्यवधींची तरतूद त्यांनी खोडली आणि साऱ्या राज्यासाठी मिळून १,००० डॉलर ठेवले. शून्य का नाही? शून्य केलं असतं तर ओळच गेली असती; हजार डॉलर ठेवले की योजना कागदावर जिवंत. फ्रेस्नोसारख्या एकट्या काउंटीला वर्षाला पन्नास लाखांहून अधिक डॉलर मिळत असत. हजार डॉलर पन्नासेक काउंट्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस.

काउंट्यांची गोची झाली. करार चालूच, सूट चालूच, आणि भरपाई बंद. इंपीरियल काउंटी, मेक्सिकोच्या सीमेवरची, वाळवंटात कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवणारी, सर्वांत आधी वैतागली. तिच्या सुपरवायझरांनी २०१० मध्ये सगळ्याच करारांना ‘नूतनीकरण नको’ची नोटीस देण्याचा निर्णय घेतला. बाकीच्या काउंट्या कुरकुरत राहिल्या. विधिमंडळाने त्यांच्यासाठी तडजोड काढली: १० वर्षांचा करार ९ वर्षांचा करा, २० वर्षांचा १८ वर्षांचा, आणि त्या प्रमाणात शेतकऱ्याच्या करसवलतीतला दहावा हिस्सा काउंटीने परत वसूल करावा. सोबत एका वर्षासाठी एक कोटी डॉलर. ट्युलेरी, मर्सेड यांसारख्या काही काउंट्यांनी ही कात्री लावली. भरपाईचा भार राज्याकडून शेतकऱ्याकडे सरकला, तोही त्याच्याच मुदतीतून वर्ष कापून.

ते एक कोटीही टिकले नाहीत. मार्च २०११ मध्ये ती तरतूद रद्द झाली. रद्द करणाऱ्या विधेयकावर सही होती गव्हर्नर जेरी ब्राऊन यांची; १९६५ च्या मूळ कायद्यावर सही करणाऱ्या पॅट ब्राऊन यांचे ते चिरंजीव. याला कुणी सूड वगैरे म्हणू नये. तूट खरी होती आणि शाळांपुढे, दवाखान्यांपुढे एकरी पाच डॉलरची बाजू कुणी मांडणार नव्हतं. शेतजमीन वाचते तेव्हा काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीसाठी मोर्चा निघत नाही.

आश्चर्य पुढे आहे. भरपाई गेल्यावर करार धडाधड सुटतील, अशी अनेकांची भीती होती. तसं झालं नाही. इंपीरियल सोडून बहुतेक काउंट्यांनी तोटा सोसून करार चालू ठेवले आणि आजही दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन त्यांत आहे. याचं श्रेय केवळ निसर्गप्रेमाला देण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान मध्य खोऱ्यातल्या सुपरवायझर मंडळांत बसणारे अनेकजण शेतकरी किंवा शेतकऱ्यांच्या मतांवर आलेले. करार सोडला तर कर वाढतो तो त्यांच्याच मतदारांचा. आणि शेती मोडली तर पॅकिंगचे शेड, ट्रक, बँक, यंत्रांची दुकानं सगळंच मोडतं, हे त्यांना राजधानी सॅक्रामेंटोतल्या वित्त खात्यापेक्षा चांगलं कळतं. राज्याने पैसे देऊन लावलेली सवय पैसे थांबल्यावरही टिकली.

नवा ग्राहक मात्र दारात उभा राहिला होता. त्याला सपाट, भरपूर उन्हाची, वीजवाहिनीजवळची जमीन हवी होती आणि त्याच्या हातात लोकहिताचं उत्तम प्रमाणपत्र होतं. २०११ मध्येच निकृष्ट किंवा पाण्याअभावी पडीक शेतजमिनीवर सौरप्रकल्पांसाठी करारातून वेगळी वाट देणारा कायदा झाला. त्याआधी सॅन बेनिटो काउंटीने पनोचे खोऱ्यातल्या चराऊ रानावरचे विल्यमसन करार सौरऊर्जेसाठी रद्द केले होते. विरोधक कोर्टात गेले, हेवर्डच्या निकालाचा दाखला दिला, आणि २०१३ मध्ये हरले. स्वच्छ वीज हे लोकहित कराराच्या हिताहून मोठं ठरू शकतं, हे अपील न्यायालयाने मान्य केलं.

तिढा अखेर सुटला तो २०१७ मध्ये, कोर्टाबाहेर. सिएरा क्लब आणि इतर संस्थांशी झालेल्या समझोत्यात पनोचेचा प्रकल्प २४७ मेगावॉटवरून १३० वर आला आणि खोऱ्यातली हजारो एकर जमीन कायमची राखीव झाली. उरलेल्यातली सुमारे शंभर मेगावॉट क्षमता दुसरीकडे हलवायचं ठरलं. जागा निवडली इंपीरियल काउंटीतली.